भुंग्याचं सोंग घेणारी शिकारी माशी : लॅफ्रिया

रानमेथी (धागाकर्ती)

मे महिना लागला की इथे नॉर्थ कॅरोलायनात रानाच्या कडेला पडलेल्या ओंडक्यांवर लॅफ्रिया दिसू लागतात. पिवळीधमक केसाळ छाती, काळं पोट, जाड लवदार पाय, उडताना बंबलबीची, म्हणजे जाड, केसाळ, डंख मारणाऱ्या मधमाशीच्या भाईबंदाची असते तशीच घुमणारी गुणगुण. बंबलबी फुलांवर रमते. ही मात्र फुलाकडे ढुंकूनही बघत नाही. उन्हातल्या ओंडक्यावर नाहीतर एखाद्या रुंद पानावर बसते आणि डोकं वळवत वर बघत राहते. मग एकदम झेपावते. परत येते तेव्हा पायांत बहुतेकदा भुंगेरा (बीटल) असतो आणि हिची सोंड त्याच्या पाठीत रुतलेली असते.

ही माशीच आहे. ज्यांना रॉबर फ्लाय म्हणतात त्या ॲसिलिडी कुळातली. जगभरात या कुळाच्या सात हजारांहून जास्त जातींची नोंद झाली आहे आणि सगळ्याच्या सगळ्या शिकारी आहेत. त्यातली लॅफ्रिया ही प्रजाती योहान मायगेन यांनी १८०३ साली वेगळी काढली. माश्यांच्या शास्त्राचा पाया ज्यांनी घातला ते हेच. स्वतः पाहिलेल्या माश्यांची रंगीत चित्रंही ते स्वतःच काढत. लॅफ्रियाचे रंग बघितले की त्यांना ब्रश हातात घ्यावासा का वाटला असेल ते कळतं. कुणी पिवळी-काळी, कुणी केशरी, कुणाच्या पोटाच्या टोकाला पांढरे केस.

शिकार कशी करते ते थोडं सविस्तर सांगते, कारण मला तेच सगळ्यात थक्क करणारं वाटतं. भुंगेऱ्याची पाठ कडक असते, बऱ्याच शिकारी किडींना ती फोडता येत नाही. पण भुंगेरा उडतो तेव्हा वरची कडक पाखं बाजूला उचललेली असतात आणि खालची मऊ पाठ उघडी पडते. लॅफ्रिया त्याला हवेतच गाठते. तिची सोंड दोन्ही बाजूंनी चपटी आणि मजबूत असते. ती आत गेली की लाळ सोडली जाते. लाळेतल्या विषाने भक्ष्य काही क्षणांत लुळं पडतं, आणि त्याच लाळेतल्या पाचक द्रव्यांनी आतला भाग पातळ होतो. मग ती सावकाश बसून तो शोषून घेते. शेवटी उरतं ते रिकामं कवच.

धागा काढण्याचं कारण असं. आमच्या भागात दर वसंतात दोन गोष्टी सर्रास होतात. 'मधमाश्या खाणारी माशी' म्हणून लोक हिच्यावर फवारा मारतात, आणि अंगणात पडलेलं, कुजायला लागलेलं झाड ताबडतोब उचलून नेतात. फवाऱ्याने दिसली ती माशी मरते. ओंडका गेला की पुढच्या पिढ्याच जातात, कारण हिच्या अळ्या कुजत्या लाकडातच वाढतात. उन्हात दिसणारी रंगीत माशी हा तिच्या आयुष्याचा शेवटचा, थोड्या आठवड्यांचा भाग. बाकी सगळा काळ ती लाकडाच्या आत असते. ही माशी हवी असेल तर लाकूड पडू द्यायला हवं आणि पडलेलं राहू द्यायला हवं, हे मला कळकळीने सांगायचंय.

तुमच्याकडे अशा माश्या दिसत असतील तर जरूर लिहा. भारतातल्यांनीही.

टेकडीवाला

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

एक विचारतो. ही खरोखर इतकी हुबेहूब असेल तर चालता चालता ओळखायची कशी? हातात धरून बघणं शक्य नाही, आणि बंबलबी निघाली तर डंख बसणार.

रानमेथी

टेकडीवाला, धरू तर अजिबात नका, दोन्ही बाबतींत. लॅफ्रियाला नांगी नसते, पण मुठीत पकडलं तर सोंड टोचते आणि ते चांगलंच दुखतं. आपणहून ती माणसाच्या वाटेला जात नाही.

लांबून बघायच्या खुणा : आधी चेहरा. डोळे इतके मोठे की डोकं म्हणजे डोळेच. दोन डोळ्यांच्या मधे वरच्या बाजूला स्पष्ट खळगा असतो, तो रॉबर फ्लायच्या अख्ख्या कुळाचा शिक्का. तोंडावर राठ केसांची दाढी असते. भक्ष्य तडफडतं तेव्हा त्याच्या नख्यांपासून चेहरा वाचावा म्हणून ती असावी असं मानतात. मिशा, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिका, आखूड आणि बोथट. बंबलबीच्या मिशा लांब आणि कोपरात वाकल्यासारख्या असतात.

पंखांची एकच जोडी. मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक दांड्या, पण एवढ्या केसांत त्या सहसा दिसत नाहीत. बंबलबीच्या मागच्या पायांवर परागाचे गोळे असतात, हिच्या पायांवर नुसते केस.

आणि बसण्याची पद्धत. मला स्वतःला तीच सगळ्यात खात्रीची वाटते. फूल नसलेल्या जागी, उन्हात, बराच वेळ एकाच ठिकाणी बसलेली 'बंबलबी' दिसली की थांबा आणि नीट बघा.

मुक्ता_ॲबर्डीन

किती आनंद झाला हा धागा बघून! मी स्कॉटलंडमधे आहे. अख्ख्या ब्रिटनमधे लॅफ्रियाची एकच जात आहे, लॅफ्रिया फ्लावा. स्वीडिश निसर्गतज्ज्ञ लिनियसने १७६१ मधे वर्णन केलेली. इंग्लंडमधे ती नाही, फक्त इथल्या हायलँड्समधल्या जुन्या पाइनच्या रानांत आहे. स्पे नदीचं खोरं, स्पेसाइड, आणि आमच्या बाजूचं डी नदीचं डीसाइड. पोटावर दाट सोनेरी-पिवळे केस.

रानमेथी म्हणते ते इथे अगदी डोळ्यांना दिसतं. हिच्या अळ्या मेलेल्या पाइनच्या बुंध्यांत आणि पडलेल्या खोडांत राहतात आणि तिथल्या लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या खातात. लागवडीच्या पाइनमधे झाड वेळेवर तोडून नेतात, त्यामुळे मरून उभं राहिलेलं किंवा वाऱ्याने पडलेलं खोड मिळायची मारामार. जुन्या रानात ते सगळीकडे. इथले रानाची निगा राखणारे लोक आता मुद्दाम मेलेली झाडं उभी ठेवतात. पर्यटक विचारतात, हे वठलेलं झाड का काढत नाही? त्यावर मी आता ह्या माशीचं नाव सांगते.

जिज्ञासा७

मला एक मूलभूत शंका आहे. हे सोंग कशासाठी? मधमाश्यांना आणि बंबलबींना फसवून जवळ जाता यावं म्हणून, की स्वतःला कुणी खाऊ नये म्हणून? दोन्ही वाचलंय आणि दोन्ही पटतं, त्यामुळे गोंधळ.

सहस्रपाद

जिज्ञासा, प्रश्न जुना आहे आणि त्यावर एक देखणा प्रयोग झाला आहे. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे तेव्हा तो वर्गात आवर्जून सांगत असे.

इंग्रज निसर्गतज्ज्ञ हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६२ साली ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून मांडलं की निरुपद्रवी जीव घातक किंवा बेचव जीवासारखा दिसू लागला तर भक्षक त्याला टाळतात. हा झाला संरक्षणासाठीचा वेष. दुसरी शक्यता शिकारीसाठीच्या वेषाची : भक्ष्याला वाटावं की हा आपल्यातलाच आहे.

लिंकन ब्राउअर, जेन व्हॅन झांट ब्राउअर आणि वेस्टकॉट यांनी फ्लोरिडात लॅफ्रियाच्या एका नातेवाईक प्रजातीवर काम केलं आणि ते १९६० साली 'अमेरिकन नॅचरलिस्ट'मधे छापलं. माशी होती मॅलोफोरा बॉम्बॉइड्स. तीही रॉबर फ्लाय, तीही बंबलबीसारखी. परीक्षक म्हणून घेतले भेक. काही भेकांना जिवंत, डंख असलेल्या बंबलबी दिल्या. त्यांनी त्या खायचा प्रयत्न केला, डंख खाल्ला, आणि पुढे बंबलबी समोर आली तरी तोंड फिरवू लागले. मग त्यांच्यासमोर माशी ठेवली, तर तिलाही नाकारू लागले. ज्या भेकांना बंबलबीचा अनुभवच नव्हता त्यांनी माशी खाल्ली. खरी मेख पुढे आहे. काही भेकांना नांगी काढलेल्या बंबलबी दिल्या होत्या. ते बंबलबीही खात राहिले आणि माशीही. म्हणजे भेकाला दूर ठेवणारी गोष्ट डंखाची आठवण होती. माशी त्या आठवणीच्या आडोशाने वाचते.

शिकारीसाठी वेष ही शक्यताही त्याच लेखात चर्चिली आहे, कारण ती माशी मधमाश्यांच्या कुळातले कीटक भरपूर खाते. लॅफ्रियाबद्दल माझं मत मात्र स्पष्ट आहे. जी माशी प्रामुख्याने भुंगेरे खाते तिला बंबलबीचा वेष शिकारीत काय कामाचा? भुंगेऱ्याला बंबलबी काय आणि माशी काय, सारखीच. हा वेष पक्षी, सरडे, भेक यांच्यासाठी आहे.

रानमेथी

सर, फारच छान सांगितलंत. तुमच्या मुद्द्याला जोड देणारी इथली एक जात आहे, लॅफ्रिया सॅफ्राना. अमेरिकेच्या आग्नेय भागातली. ही बंबलबीसारखी नाही, केशरी-पिवळी आहे. इथल्या एका गांधीलमाशीच्या, व्हेस्पुला स्क्वॅमोसाच्या, राणीसारखी. त्या गांधीलमाशीच्या कामकरी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, पण राणी केशरी आणि मोठी. वसंताच्या सुरुवातीला पोळं घालायला जागा शोधत राण्या एकट्या फिरत असतात, आणि सॅफ्रानाही वसंतातच बाहेर पडते. म्हणजे कामकरी माशीचा वेष सोडून नेमका राणीचा घेतलाय, आणि हंगामही जुळतोय. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुढच्या मोसमात फक्त हिच्यासाठी रानात जायला लागले.

पावशा

आंबोलीहून लिहितोय. धागा वाचताना सारखं वाटत होतं की आपल्याकडचं कुणीतरी लिहायला हवं, म्हणून लिहितो.

सह्याद्रीत बंबलबी नाहीत. भारतात त्या हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत आहेत, दक्षिणेच्या द्वीपकल्पात नाहीत. मग इथे बंबलबीचं सोंग घेऊन कुणाला घाबरवणार? इथल्या पाखरांना त्या डंखाची आठवणच नाही. आपल्याकडे दरारा आहे तो काळ्या सुतारभुंग्याचा. वासे, बांबू, वाळकी लाकडं पोखरणारा, निळसर झाक मारणारे काळे पंख असलेला तो मोठा भुंगा सगळ्यांना माहीत आहे. आणि त्याच्यासारखी दिसणारी रॉबर फ्लाय भारतात आहे : हायपरेकिया झायलोकोपिफॉर्मिस. लॅफ्रियाच्याच उपकुळातली, फ्रान्सिस वॉकर यांनी १८४९ साली नोंदवलेली. दणकट काळं अंग, गडद पंख. लांबून बघितलं तर सुतारभुंगाच.

आफ्रिकेतल्या हायपरेकियांचं तर आणखी पुढचं आहे. त्यांच्या अळ्या सुतारभुंग्याने लाकडात कोरलेल्या बोगद्यांत राहतात आणि त्याच्याच अळ्या खातात. ऑक्सफर्डचे एडवर्ड पोल्टन यांनी शिकारी कीटक आणि त्यांच्या भक्ष्यांच्या जोड्या गोळा करून १९०६ च्या सुमारास मोठा निबंध लिहिला होता. हायपरेकिया आणि सुतारभुंगा ही त्यांची आवडती जोडी.

तेव्हा ज्या देशात जो डंख मारतो त्याचा वेष. रानमेथीच्या सॅफ्रानाचंही तेच झालंय.

सहस्रपाद

पावशा, हा मुद्दा मोलाचा आहे. वेषाला किंमत तेव्हाच, जेव्हा मूळ डंखवाला त्याच परिसरात, पुरेशा संख्येने, आणि शक्यतो त्याच हंगामात हजर असेल. मूळ दुर्मीळ आणि नक्कल भरपूर झाली तर भक्षकाला पहिला घास गोड लागेल आणि सगळा धाक जाईल. शिकारी माश्या तशाही संख्येने कमी असतात, ते त्यांच्या पथ्यावर पडतं.

मधपाळ_जावळी

नमस्कार. सगळ्यांचं कौतुक चाललंय, मी जरा दुसरी बाजू मांडतो. रागावू नका.

आमच्याकडे महाबळेश्वरच्या पट्ट्यात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. पेटीसमोर काटकीवर एक करड्या अंगाची लांबट रॉबर फ्लाय बसते आणि चाऱ्यावरून परतणारी मधमाशी हवेतच उचलते. डोळ्यांदेखत. कामकरी माशी गेली तर चालतं, चांगल्या पेटीत हजारो असतात. पण नवी राणी मिलनासाठी उडते त्या दिवशी असली माशी समोर बसलेली असेल तर काळजाचं पाणी होतं. राणी परत आली नाही तर पेटी गेलीच समजा. मग आम्ही ती उडवली, हाकलली, प्रसंगी मारली तर चूक काय?

रानमेथी

दादा, रागवायचं कारणच नाही. तुमची पोटापाण्याची गोष्ट आहे आणि राणीचा मुद्दा तर शंभर टक्के खरा आहे. मिलनाच्या दिवसांत पेटीसमोर बसलेली माशी हाकलावी, त्यात मला काही गैर वाटत नाही. जाळीने धरून दूर नेऊन सोडली तर उत्तमच.

तुम्ही वर्णन केलीत ती लॅफ्रिया नाही, त्याच कुळातली दुसरी कुणी असणार. लॅफ्रिया रानाची कड आणि ओंडके सोडून मोकळ्यावर फारशी येत नाही. तीही मधमाशी धरते, नाकारत नाही. पण तिच्या पायांत मला दिसलेलं भक्ष्य बहुतांशी भुंगेरेच. माझा विरोध सरसकट फवाऱ्याला आहे. पेटीजवळ फवारा मारला तर आधी मधमाश्या मरतील, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

मधपाळ_जावळी

फवारा तर आम्ही कधीच नाही मारत. आणि खरं सांगायचं तर मेणकिडा, गांधीलमाश्या आणि वेडे राघू यांनी होणाऱ्या नुकसानीपुढे ह्या माशीचं काहीच नाही. राणीच्या दिवसांत तेवढी राखण करायची, बाकी बसू दे तिला काटकीवर.

सहस्रपाद

मधपाळ, तुमच्या प्रश्नाला अर्जेंटिनात एक मोठी जोडकथा आहे. पंपास या गवताळ मैदानात मॅलोफोरा रुफिकॉडा नावाची रॉबर फ्लाय असते. ती मधमाश्यांवर इतका ताव मारते की तिथले मधपाळ तिला कीड म्हणूनच ओळखतात. म्हणजे तुमच्या तक्रारीत तथ्य आहेच.

पण तिची अळी काय खाते? मातीतल्या हुमणीच्या अंगावर बसून हुमणी खाते! तिथली हुमणी वेगळ्या प्रजातीची, सायक्लोसेफाला. पण आपल्या उसाच्या मुळ्या कुरतडणाऱ्या हुमणीचीच नातलग. ब्वेनोस आयरेसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. मादी अंडी जमिनीत घालत नाही. उंच गवताच्या किंवा कुंपणाच्या वरच्या टोकाला, साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीवर घालते. अळ्या बाहेर पडल्या की वारा त्यांना पसरवतो, त्या खाली पडून मातीत शिरतात आणि हुमणीच्या शरीरातून येणाऱ्या रासायनिक वासाचा माग काढत तिच्यापर्यंत पोचतात. मधपाळाचं नुकसान आणि शेतकऱ्याचा फायदा एकाच माशीच्या पोटात.

ऊसमळा

हुमणीचं नाव वाचून थांबलो. गेल्या हंगामात आमच्या बांधाकडच्या सरी वाळल्या त्या हुमणीनेच. सर, ही माशी आपल्याकडे आणता येईल का? मित्रकीटकांची अंडी चिकटवलेली कार्डं शेतात लावतात तसं काही?

सहस्रपाद

ऊसमळा, परदेशी शिकारी आणून सोडणं हा फार धोक्याचा खेळ आहे. ती हुमणी तर खाईल, पण मोठी झाली की जावळीच्या पेट्यांवर बसेल. आणि जिच्या अळ्या वाऱ्यावर पसरतात ती माशी कार्डावर चिकटवून शेतात नेमकी उतरवता येत नाही.

आपल्या रॉबर फ्लाय दिवसा उन्हात शिकार करतात. हुमणीचे भुंगेरे मात्र वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी अंधार पडताना जमिनीतून निघून कडुनिंब, बाभळीवर जमतात. त्यामुळे दोघांची गाठ क्वचितच पडते. तुम्ही त्या संध्याकाळी फांद्या हलवून भुंगेरे गोळा करणं, प्रकाश सापळे लावणं आणि मेटारायझियम बुरशी वापरणं हेच करा. गावाने मिळून केलं तरच उपयोग होतो.

ऊसमळा

समजलं. वळवाला गावात सांगतो.

टोकियोकर

जपानमधूनही एक नोंद. इथे लॅफ्रिया मित्सुकुरी ही मोठी, जाड, काळ्या अंगाची आणि पोटाच्या मागच्या भागावर दाट केशरी केस असलेली माशी दिसते. इथल्या बंबलबींमधेही काळं अंग आणि केशरी टोक असलेली जात आहे. पावशाने सांगितलेलं सूत्र इथेही लागू पडतं.

काजवा

मला हिच्या झेपेबद्दल विचारायचंय. उडत्या भुंगेऱ्याला हवेत गाठणं म्हणजे केवढा हिशेब!

जिज्ञासा७

काजवा, यावर मी थोडं वाचलंय. २०१७ मधे 'करंट बायॉलॉजी'त एक अभ्यास आला होता, होल्कोसेफाला नावाच्या रॉबर फ्लायवर. लॅफ्रिया नव्हे, ही तर जेमतेम सहा मिलिमीटरची. संशोधकांनी बारीक दोरीला मणी लावून तो हवेत फिरवला आणि माशी त्यामागे कशी झेपावते त्याचं वेगवान चित्रीकरण केलं.

माशी मण्याच्या मागे धावत नाही. मणी जिथे पोचणार तिथे जाते. त्यासाठी ती अशी उडते की भक्ष्य तिला सतत एकाच दिशेला दिसत राहावं. ती दिशा बदलली नाही तर गाठ पडणारच. उंच उडालेल्या झेलाखाली धावणारा क्षेत्ररक्षक चेंडूवरची नजर न हलवता बरोबर जागी पोचतो, तसंच. आणि भक्ष्य साधारण तीस सेंटिमीटरवर आलं की ती वेग कमी करते, वळण घेते आणि त्याच्या चालीशी चाल जुळवून मगच पकडते. त्यामुळे भक्ष्याने ऐनवेळी दिशा बदलली तरी चुकत नाही. तिच्या डोळ्याच्या पुढच्या भागातली भिंगं बाकीच्या भिंगांपेक्षा बरीच मोठी असतात, म्हणून एवढ्याशा माशीला इतकं लख्ख दिसतं.

काजवा

कमाल आहे. आज मुलीला हे सांगणार.

मेपलपान

मी मिशिगनमधे राहतो. रानमेथी, ओंडक्याबद्दल सविस्तर लिहाल का? मागच्या वादळात अंगणातला पाइन पडलाय. बायकोचं म्हणणं वाळवी लागेल, आमच्या वसाहतीच्या समितीचं म्हणणं अंगण स्वच्छ ठेवा. मला ठेवायचाय.

रानमेथी

मेपलपान, तुमच्या बायकोची भीती रास्त आहे, ती आधी मिटवू. लाकूड घराच्या भिंतीला टेकवून किंवा पायाजवळ कधीही ठेवू नका. अंगणाच्या मागच्या कडेला, कुंपणालगत, जिथे दिवसाचा निदान काही भाग ऊन येतं अशा जागी आडवं टाका. तुकडे करायचेच असतील तर मोठे ठेवा. बारीक ढलप्या लवकर सुकतात आणि त्यात अळ्यांना लागणारा ओलावा राहत नाही. साल काढू नका. मादी सालीच्या भेगांत अंडी घालते, आणि अळ्यांचं भक्ष्य असलेल्या भुंगेऱ्यांच्या अळ्याही आधी सालीखालीच असतात.

क्रम असा असतो. झाड मरतं, लाकूड पोखरणारे भुंगेरे येतात, त्यांच्या अळ्या बोगदे करतात, आणि मग त्या बोगद्यांतून लॅफ्रियाच्या अळ्या त्यांच्या मागावर फिरतात. म्हणजे पहिल्या वर्षी काही दिसलं नाही म्हणून निराश होऊ नका. अळीची वाढ संथ असते, एकाहून जास्त वर्षं लागू शकतात.

लॅफ्रिया आली की नाही हे माशी न दिसताही कळतं. कोषाच्या डोक्यावर आणि पोटावर काटे असतात. त्यांच्या जोरावर तो लाकडातून सरकत अर्धा बाहेर येतो, मग पाठ उकलते आणि माशी निघते. रिकामं टरफल तिथेच लाकडातून अर्धवट बाहेर आलेलं राहतं, तपकिरी, काटेरी. मे-जूनमधे ओंडक्याच्या कडेने हळू नजर फिरवा. एक जरी टरफल सापडलं तरी तुमचा ओंडका वसलाय.

समितीसाठी एक उपाय आमच्याकडे चालला आहे. ओंडक्याभोवती नेचे आणि स्थानिक रानफुलं लावली आणि छोटी पाटी उभी केली, की हा कीटकांसाठी ठेवलेला भाग आहे. मुद्दाम ठेवलेलं आहे असं दिसलं की तक्रारी कमी होतात.

मुक्ता_ॲबर्डीन

+१. पाटीचा खूप उपयोग होतो. आणि उभं वठलेलं झाड घरावर पडण्याच्या अंतरात नसेल तर तेही ठेवा, मेपलपान. उभ्या आणि आडव्या लाकडात वेगवेगळे भुंगेरे येतात.

टेकडीवाला

पुण्यातल्या टेकड्यांवर पडलेलं लाकूड सरपणाला जातं नाहीतर वणव्यात जळतं. इथे कुठून येणार अशा माश्या, असं वाचताना वाटत होतं. पावशा, आपल्याकडे काय शोधावं?

पावशा

टेकडीवर मोकळ्या गवतात करड्या-तपकिरी, लांबट रॉबर फ्लाय बघायला मिळतील, पावसाळ्यात आणि पावसाळा संपताना. प्रोमॅकस, ओमॅटियस वगैरे. त्या लाकडावर अवलंबून नसतात, अळ्या मातीत असतात. दाट झाडीत सावलीला मिकोटामिया ऑराटा नावाची बारीक, सडपातळ, सोनेरी झाक असलेली माशी असते, गवताच्या टोकाला टांगल्यासारखी. फार सुंदर. लॅफ्रियाच्या उपकुळातल्यांसाठी मात्र जुनी झाडी हवी. देवराया बघा. तिथे पडलेलं लाकूड लोक परंपरेने उचलत नाहीत. मुळशी, भोर, वेल्ह्याच्या बाजूला अजून अशा राया आहेत. सुतारभुंगे जिथे वाळक्या खोडाभोवती घिरट्या घालतात तिथे थांबून प्रत्येक 'भुंग्याचा' चेहरा बघायचा.

टेकडीवाला

देवराईचं डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या रविवारी जातो. फोटो कसे काढू म्हणजे ओळख पटेल?

रानमेथी

तीन बाजूंनी. समोरून चेहरा, म्हणजे दाढीच्या केसांचा रंग दिसेल. वरून छाती आणि पोट, कारण पोटाच्या कोणत्या भागावर कोणत्या रंगाचे केस आहेत यावर बरंचसं ठरतं. आणि बाजूने पाय. भक्ष्य पायांत असेल तर त्याचाही जवळून फोटो घ्या. कोण कुणाला खातं याच्या नोंदी फार मोलाच्या असतात. माशी उडाली तर जागा सोडू नका, पुष्कळदा ती त्याच ओंडक्यावर परत येते. सावली तिच्यावर पडू देऊ नका.

फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. अमेरिका-कॅनडातले असतील तर बगगाइड या कीटकांच्या संकेतस्थळावरही, तिथे लॅफ्रिया ओळखणारी जाणकार मंडळी आहेत. ठिकाण आणि तारीख नक्की लिहा, आणि कशावर बसली होती तेही : कोणतं झाड, उभं की पडलेलं, साल होती की नाही.

मेपलपान, तुमच्या पाइनचा फोटो इथेच टाका, साल धरून आहे का बघते.